पुण्याच्या हवेत बियाणे वर्षानुवर्षे जिवंत कसे ठेवावे

भोरकडच्या माझ्या आत्याने काही वर्षांपूर्वी मला मूठभर गावठी पावट्याचे बी दिले होते. फाल्गुनात शेंगा वेलावरच वाळल्यानंतर तिने एकेक दाणा पाहून निवडलेला होता. मी ते बी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि ती स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवून दिली. दसऱ्याच्या सुमारास पेरायला म्हणून पिशवी सोडली, तेव्हा निम्म्या दाण्यांना भोके पडलेली होती आणि उरलेल्यांना कुबट वास येत होता. त्यांतले चाळीस दाणे मी तरीही पेरले, पण एकही उगवला नाही. तोवर आत्याचे शेत विकले गेले होते आणि त्या वाणाचा दाणा भावकीत कुणाकडेही शिल्लक नव्हता. तेव्हापासून बी साठवण्याचे शास्त्र समजून घेत गच्चीवरच्या बागेसाठी मी जी पद्धत बसवत आणली, ती येथे सविस्तर मांडत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. पुण्यात बियाण्याचा खरा शत्रू वैशाखातले ऊन नसून आषाढ-श्रावणातली दमट हवा आहे. म्हणून बी प्रथम नीट कोरडे करावे, मग हवाबंद करावे आणि त्यानंतरच थंड जागेचा विचार करावा. हा क्रम उलटा झाला तर फ्रिजमध्ये ठेवलेले बीसुद्धा मरते.

बी टिकते म्हणजे आत काय होते

झाडावर पिकत असतानाच बी स्वतःतले पाणी कमी करू लागते. त्याच वेळी पेशींमध्ये सुक्रोज, रॅफिनोज यांसारख्या शर्करा आणि कोरडेपणात पेशींना सांभाळणारी काही खास प्रथिने साठत जातात. पाणी पुरेसे कमी झाले की या शर्करा आणि प्रथिने मिळून पेशीतल्या द्रवाला काचेसारखे रूप देतात. हे समजायला लोणावळ्याची चिक्की डोळ्यांसमोर आणावी. गुळाचा किंवा साखरेचा पाक आटून त्यातले पाणी निघून गेले की तो कडक, ठिसूळ होतो आणि तुकडा मोडताना कट्कन आवाज येतो. तीच चिक्की जुलैत उघड्या डब्यात राहिली की हवेतला ओलावा ओढून चिवट आणि चिकट होते. बियाण्याच्या पेशींतही हेच घडते. आतली ‘चिक्की’ कडक असेतोवर रेणू जागचे हलत नाहीत आणि नासधूस करणाऱ्या रासायनिक क्रिया अतिशय मंद चालतात. ती सैल पडली की बियांतले तेल खवट होऊ लागते, शर्करा प्रथिनांना चिकटून ती निकामी करतात, पेशींची आवरणे झिजतात आणि गुणसूत्रांतही तुटफूट साचत जाते.

ही झीज कोरड्या बियांतही पूर्ण थांबत नाही. ती फक्त संथ होते. पेरल्यावर पाणी मिळाले की पेशी आधी डागडुजीला लागतात आणि मगच कोंब बाहेर येतो. म्हणून म्हातारे झालेले बी एकदम मरत नाही, तर आधी उशिरा आणि मागेपुढे उगवू लागते, रोपे मरगळलेली दिसतात आणि त्यानंतर उगवण झपाट्याने घसरते. पूर्ण भिजलेल्या बीला दुरुस्ती करता येते आणि पूर्ण कोरड्या बीला तिची फारशी गरज पडत नाही, परंतु या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे झीज चालण्याइतका ओलावा आहे पण दुरुस्तीपुरते पाणी नाही अशा स्थितीत, बीचे सर्वाधिक नुकसान होते. पावसाळ्यात कागदी पुडीत ठेवलेले बी चार महिने नेमके याच अवस्थेत असते.

काही बिया याहून वेगळ्या मार्गाने टिकतात. त्यांचे कवच इतके कठीण आणि पाणी रोखणारे असते की आतला कोरडेपणा निसर्गतःच हवाबंद राहतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये शिरीषाच्या वर्गातल्या एका झाडाच्या, १७९३ साली चीनमधून आणलेल्या बिया वनस्पतिसंग्रहात ठेवलेल्या होत्या. १९४० साली बॉम्बहल्ल्यानंतर आग विझवताना त्यांच्यावर पाणी पडले आणि जवळजवळ दीडशे वर्षे निपचित पडलेल्या त्या बियांना कोंब फुटले. चीनच्या ईशान्येकडील एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले कमळाचे सुमारे तेराशे वर्षांचे बी उगवले आहे, आणि मृत समुद्राकाठच्या मसाडा किल्ल्यात मिळालेली, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली पेरल्यावर रुजली. मसाड्याची हवा विलक्षण कोरडी आहे, आणि खजुराच्या बाबतीत या कोरडेपणाचा वाटा मोठा आहे. इजिप्तच्या ममींजवळचा गहू उगवल्याच्या कथा मात्र खोट्या आहेत. गव्हाचे बी इतकी शतके टिकत नाही.

कोणते बी साठवूच नये

सगळ्याच बियांना कोरडेपणा मानवत नाही. आंबा, फणस, जांभूळ, नारळ आणि कोकम यांच्या बिया वाळल्या की मरतात आणि फ्रीझरमध्येही मरतात, कारण वाळण्याची ती अंतर्गत तयारी त्यांच्यात झालेलीच नसते. अशा झाडांना साठवणुकीची गरजही नसते, कारण पावसाच्या तोंडावर फळे पिकतात आणि खाली पडलेले बी ओल्या मातीत लगेच रुजते. आवडत्या रायवळ आंब्याची कोय ठेवून द्यायची नसते. ती त्याच आठवड्यात पिशवीत लावावी. कडुनिंबाच्या ताज्या निंबोळ्याही नेहमीच्या घरगुती साठवणीत थोड्या आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतात, त्यामुळे त्याही लगेच पेराव्यात. पपई आणि कॉफी मधल्या गटात मोडतात. त्या बेताने वाळवलेल्या चालतात, पण कडक थंडी सोसत नाहीत.

भाज्या, तृणधान्ये, कडधान्ये, गळिताची धान्ये आणि बहुतेक फुलझाडे कोरडेपणा सोसणाऱ्या गटातली आहेत आणि पुढचे सारे विवेचन त्यांच्यासाठी आहे. त्यांच्यातही आयुष्याचा फरक मोठा असतो. कांद्याचे बी अल्पायुषी असते आणि साध्या पुडीत ते दुसऱ्या वर्षीच दगा देते. फुरसुंगीचा गावठी कांदा जपणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सोयाबीन आणि भुईमूग यांचे तेल लवकर खवट होते आणि सोयाबीनचे साल इतके नाजूक असते की पोते आपटले तरी उगवण घटते. टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा, मुळा हे बरेच सोशिक आहेत, तर मटकी, हुलगा, भेंडी यांच्या कठीण सालीचे दाणे सर्वांत निश्चिंतपणे ठेवता येतात. नवशिक्याने आपले लक्ष आणि सिलिका जेल (ओलावा शोषून घेणारे दाणे) आधी कांद्याकडे वळवावे.

बी धरताना

साठवणीची निम्मी गुणवत्ता बी बरणीत जाण्याआधीच ठरलेली असते. बी झाडावर पूर्ण पिकले नसेल, तर वर सांगितलेली शर्करा आणि प्रथिनांची तयारी अपुरी राहते आणि असे बी उगवले तरी टिकत नाही. म्हणून बियांसाठीची काकडी पिवळी-तांबूस होऊन वेलावरच जून होऊ द्यावी, वांगे पिवळे पडेपर्यंत ठेवावे, मिरची पूर्ण लाल होऊ द्यावी आणि भोपळा तोडल्यानंतरही दोन-तीन आठवडे तसाच घरात ठेवून मग फोडावा. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत काढून दोन दिवस आंबवावा, म्हणजे बीभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग बी चोळून धुवावे आणि कागदावर न पसरता स्टीलच्या ताटलीत पसरावे, कारण कागदाला ते चिकटून बसते. ओले बी दाट थरात राहिले तर त्याला तिथेच मोड येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ते दर दोन-तीन तासांनी हाताने मोकळे करावे. एक खबरदारी आणखी घ्यावी: दुकानातल्या संकरित, म्हणजे ‘एफ-वन’ वाणाच्या फळातले बी कितीही नीट साठवले तरी पुढच्या पिढीत तेच झाड मिळत नाही, म्हणून जपण्याचे कष्ट सरळ किंवा गावठी वाणासाठी घ्यावेत.

वाळवणे

बी आजूबाजूच्या हवेशी ओलाव्याची सतत देवाणघेवाण करते. हवा दमट असेल तर ते ओलावा ओढते, हवा कोरडी असेल तर सोडते आणि काही दिवसांत दोघांचा तोल जमतो. त्यामुळे बी किती सुकेल हे उन्हाच्या कडकपणापेक्षा हवेच्या कोरडेपणावर ठरते. या बाबतीत पुणेकर मोठे भाग्यवान आहेत. मार्च आणि एप्रिलच्या दुपारी येथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. बीजपेढ्या, म्हणजे बियाणे दीर्घकाळ जपून ठेवणाऱ्या संस्था, बी वाळवण्यासाठी यंत्रे लावून १० ते २५ टक्के आर्द्रतेच्या थंड खोल्या तयार करतात. त्यातला कोरडेपणा आपल्याला गच्चीच्या सावलीत फुकट मिळतो. रात्री आणि पहाटे मात्र हीच आर्द्रता बरीच वर चढते. रात्रभर उघड्या राहिलेल्या सुपातले बी दुपारी सोडलेला ओलावा पहाटेपर्यंत परत घेते, आणि ‘आठ दिवस वाळवले तरी बी सर्दच’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. साधारण बाराच्या सुमारास बी सुपात किंवा परातीत सुती फडक्यावर पातळ पसरावे आणि वारा खेळेल अशा सावलीत ठेवावे. गच्चीच्या फरशीवर किंवा पत्र्यावर थेट उन्हात ते कधीही ठेवू नये, कारण तिथले तापमान सहज ५० अंशांच्या वर जाते आणि ओलसर बी त्या उष्णतेत अक्षरशः शिजते. ४० अंश ही वरची मर्यादा समजावी आणि बी ओले असताना तिच्याही बरेच खाली राहावे. ऊन कलू लागले की पाचच्या आत बी झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरावे. बारीक बी चार-पाच दुपारींत आणि पावटा, तूर, भोपळा यांसारखे जाड बी आठ ते दहा दुपारींत चांगले सुकते. मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाची हवा सुरू होते आणि दुपारीही दमटपणा जाणवू लागतो, त्यामुळे हे काम अक्षय्य तृतीयेच्या आसपास आटोपावे. कोणत्याही परिस्थितीत मृग निघण्याआधी बरणीचे झाकण लागलेले असावे.

पावसाळ्यात हाती येणाऱ्या बियांना हा मार्ग उपलब्ध नसतो. श्रावणात पिकलेल्या काकडीचे किंवा टोमॅटोचे बी पंख्याखाली वरवर सुकवून सिलिका जेलच्या हवाली करावे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बियांच्या वजनाइतकेच कोरडे सिलिका जेल घालावे, बी कागदी किंवा मलमलच्या पुडीत त्यावर ठेवावे आणि बरणी आठवडाभर बंद ठेवावी. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओले झाल्याचे डोळ्यांना कळते. निळे जेल ओलाव्याने गुलाबी होते, पण त्यातले कोबाल्टचे संयुग विषारी असल्यामुळे मी नारिंगी जेल वापरते, जे ओले झाल्यावर हिरवे पडते. रंग बदललेले जेल ओटीजी ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कोरडे होते. ते गरम असतानाच बरणीत बंद करावे आणि पूर्ण गार झाल्यावरच बियांजवळ न्यावे. जेल मिळाले नाही तर तांदूळ कोरडे, खरपूस भाजून बंद डब्यात गार करून वापरता येतात. त्यांची ओलावा ओढण्याची ताकद कमी असते, म्हणून ते बियांच्या दुप्पट घ्यावेत आणि दोन-तीनदा बदलावेत.

बी पुरेसे सुकले की नाही, हे ओळखण्याच्या खुणा जुन्या माणसांना ठाऊक असतात. काकडी-भोपळ्याचे बी वाकवल्यावर न वाकता तुटले पाहिजे. पावट्याच्या किंवा तुरीच्या दाण्यावर बत्ता मारला तर तो चेपता कामा नये. त्याचा भुगा झाला पाहिजे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर बी आणि चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून हलवले आणि मीठ काचेला चिकटले, तर बियांत अजून साधारण १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. ही शेवटची परीक्षा फक्त नापास झालेले बी दाखवते. मीठ चिकटले नाही म्हणजे बी दीर्घ साठवणीला योग्य झाले असे नव्हे. आता छोटे डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतात, आणि मला ते सर्वांत भरवशाचे वाटतात. बरणी तीन-चतुर्थांश बियांनी भरून त्यात मापक ठेवावा, झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आकडा वाचावा. तो २५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर बी तयार आहे. ५० च्या वर असेल तर बरणी लावण्याची घाई करू नये, कारण ओलसर बी हवाबंद करणे हे त्याला उघड्यावर ठेवण्यापेक्षाही घातक ठरते.

ज्यांना टक्केवारीत विचार करायला आवडतो त्यांच्यासाठी काही टप्पे सांगते. बियांत १८-२० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर ढीग आतून तापतो, १२-१४ टक्क्यांच्या वर बुरशी वाढते आणि ८-९ टक्क्यांच्या खाली किडींची हालचाल बहुतांशी थांबते. हवाबंद पाकिटासाठी आपल्याकडच्या प्रमाणित बियाण्याची कमाल मर्यादा गव्हाला आणि भाताला ८ टक्के, तर टोमॅटोला आणि कांद्याला ६ टक्के आहे. तेलबियांना ही मर्यादा आणखी कडकपणे पाळावी लागते, कारण तेलात पाणी मुरत नाही आणि सारा ओलावा बीच्या उरलेल्या भागात दाटतो. वजनावरूनही हिशेब लावता येतो: १२ टक्के ओलावा असलेल्या १०० ग्रॅम बियांत ८८ ग्रॅम कोरडा अंश असतो, म्हणून ते साधारण साडेत्र्याण्णव ग्रॅमवर आले की ओलावा ६ टक्के झाला.

कोरडेपणा आणि थंडावा यांचा हिशेब

जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने दिलेले ठोकताळे आजही उपयोगी पडतात. बियांतला ओलावा १४ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने घटला की आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की तेही दुप्पट होते. आता १२ टक्के ओलाव्याचे बी ८ टक्क्यांवर आणले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट फायदा होतो. ३० अंशांच्या खोलीतले बी ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवले तरी फायदा सोळापटच होतो. चैत्रातल्या आठ-दहा दुपारी आपल्याला विजेविना जे देतात, त्यासाठी फ्रिज वर्षभर चालवावा लागतो. दोन्ही एकत्र केले तर हिशेब अडीचशेपटींच्या वर जातो. प्रत्यक्षात प्रत्येक वाणाला इतका लाभ मिळत नाही, पण दिशा नक्की कळते.

त्यांचाच दुसरा ठोकताळा असा की, साठवणीच्या जागेचे फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेच्या सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या आत असावी. जुलैत पुण्यातल्या घरात साधारण ७७ अंश फॅरनहाइट तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर बेरीज १६२ होते. माझ्या पावट्याच्या पिशवीने हाच आकडा चार महिने सोसला होता. ३० टक्के आर्द्रतेची बंद बरणी ८२ अंशांच्या खोलीत ठेवली तर बेरीज ११२ येते. ती शंभराच्या वर असली तरी दोन-तीन वर्षांच्या साठवणीला बहुतेक भाज्यांचे बी निभावून जाते. तीच बरणी ४१ अंश फॅरनहाइटच्या फ्रिजमध्ये ठेवली तर बेरीज ७१ होते आणि मग लांबचा पल्ला गाठता येतो.

बरणी, फ्रिज आणि फ्रीझर

साधी प्लॅस्टिकची पिशवी पाणी अडवते, पण बाष्प पूर्णपणे अडवत नाही, त्यामुळे एका पावसाळ्यात तिच्यातले बी पुन्हा दमट होते. रबरी वायसर असलेली काचेची बरणी किंवा उष्णतेने बंद केलेले अॅल्युमिनियमच्या थराचे पाकीट वापरावे. बरणी खरोखर हवाबंद आहे का, हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. रिकाम्या बरणीत चमचाभर कोरडे नारिंगी जेल घालून ती आषाढात ओट्यावर ठेवावी. महिनाभरात जेल हिरवे पडले तर ती बरणी लोणच्याला द्यावी, बियांना नको. बरणी मोठी घेऊन अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा अनेक लहान बरण्या घ्याव्यात, म्हणजे एक वाण काढताना बाकीच्यांना दमट हवा लागत नाही. आतल्या पुडीवर वाण, बी कुणाकडून आले, ते धरल्याचे वर्ष आणि शेवटच्या चाचणीतली उगवण पेन्सिलीने लिहावी, शाई पसरते.

फ्रिजमधली हवा थंड असली तरी दमट असते, म्हणून तिथे कागदी पाकीट कधीही ठेवू नये. दारातल्या कप्प्यात तापमान सारखे वरखाली होते, त्यामुळे बरण्या आतल्या बाजूला ठेवाव्यात. बाहेर काढलेली बरणी लगेच उघडू नये. गार काचेवर जसे दव धरते तसेच ते गार बियांवर धरते, म्हणून बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, शक्यतो रात्रभर, बंदच राहू द्यावी. फ्रीझरसाठी बी ८ टक्क्यांच्या खाली सुकलेले असलेच पाहिजे, कारण त्याहून बऱ्याच ओल्या बियांत बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात. कोरड्या बियांतले उरलेले पाणी प्रथिनांना आणि शर्करांना इतके घट्ट बांधलेले असते की ते गोठतच नाही, आणि म्हणूनच दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहावरच्या जागतिक बीजतिजोरीत बी उणे १८ अंशांवर सुरक्षित राहते.

कीड

कडधान्यावरचा भुंगेरा आपल्या डब्यात बाहेरून शिरतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो बहुधा शेतातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत शिरते आणि भोक आपल्याला दिसते तेव्हा आतले खाऊन झालेले असते. म्हणून पूर्ण सुकलेली बरणी बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी आणि नंतर न उघडता बाहेर काढून एक दिवस राहू द्यावी. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. फ्रीझर नसेल तर किलोभर दाण्यांना चमचाभर शेंगदाण्याचे किंवा एरंडाचे तेल चोळावे किंवा चाळलेली कोरडी लाकडाची राख मिसळावी. तेलाचा उपाय एका हंगामापुरताच धरावा. पाऱ्याच्या गोळ्या आणि सल्फासच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि सल्फासमधून निघणाऱ्या वायूने माणसे दगावतात.

राखेचा हा उपाय आपल्या आजी-पणजींचाच आहे, आणि तो भाबडा नव्हता. राख ओलावा ओढते, दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते. मक्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगली की रोजच्या धुराने आणि उष्णतेने ती भर पावसातही सुकी राहत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी, ज्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, शंभराहून अधिक गावठी वाण जपले ते याच परंपरेच्या जोरावर, आणि वारजे येथील बाएफ या ग्रामविकास संस्थेची त्यांना साथ लाभली. आपल्या फ्लॅटमध्ये चूल नाही आणि आढेही नाही, म्हणून त्यांचे काम बरणी आणि जेलवर सोपवावे लागते.

उगवण तपासणे आणि पेरणे

दरवर्षी पेरणीच्या तीन आठवडे आधी प्रत्येक वाणाची उगवण तपासावी. शेतकरी सोयाबीनसाठी करतात तशीच गोणपाटाची पद्धत घरीही चालते. ओल्या, पिळलेल्या गोणपाटावर किंवा जाड सुती फडक्यावर दहा-दहाच्या ओळींत मोजून बी मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावे आणि रोज पाण्याचा हबका मारावा. शंभर दाणे काढणे परवडत असेल तर उत्तम. बी थोडे असेल तर वीसही पुरतात, मात्र मग निकालात चढउतार राहणार हे लक्षात ठेवावे. केवळ मोड मोजू नयेत. मूळ आणि अंकुर दोन्ही धडधाकट असलेली रोपेच मोजावीत. तसेच न उगवलेला प्रत्येक दाणा मेलेलाच असतो असे नाही. भेंडी, गवार किंवा बहावा यांचा दाणा आठवड्यानंतरही कडक आणि न फुगलेला राहिला, तर त्याचे कवच पॉलिश पेपरवर हलके घासून तो पुन्हा भिजवावा. पुष्कळदा तो उगवतो. मऊ पडून बुरशी धरलेला दाणा मात्र गेला असे समजावे.

फार कोरडे बी एकदम पाण्यात टाकू नये. पाणी वेगाने आत शिरले की पेशींची आवरणे जागीच फाटतात, आणि हा धोका पावटा, घेवडा, सोयाबीन अशा मोठ्या डाळवर्गीय दाण्यांना सर्वाधिक असतो. पेरणीच्या आदल्या दिवशी दाणे उघड्या वाटीत ठेवून ती वाटी ओले फडके ठेवलेल्या मोठ्या बंद डब्यात ठेवावी, म्हणजे त्यांना पाणी न लागता दमट हवेतून ओलावा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ते सुखरूप पेरता येतात.

चाचणीत उगवण मूळ उगवणीच्या ८५ टक्क्यांच्या खाली आली की बीजपेढ्या तो साठा पेरून नवे बी धरतात. घरी मी ७० टक्क्यांवर हा निर्णय घेते. त्याच्याही खाली जाऊ देणे धोक्याचे असते, कारण उरलेल्या दाण्यांतही झीज साचलेली असते आणि रोपे उभी राहिली तरी जोमदार निघत नाहीत. नवे बी धरताना एकाच सुंदर झाडावर विसंबू नये. पावट्यासारख्या बहुधा स्वतःच्याच परागावर फळणाऱ्या पिकाची दहा-पंधरा झाडे पुरतात, पण काकडी, मुळा, मका यांच्यासाठी शक्य तितकी जास्त झाडे ठेवावीत, नाहीतर वाणातली विविधता दोन-तीन पिढ्यांत आटते.

शेवटचे काम म्हणजे प्रत्येक वाणाची दुसरी बरणी दुसऱ्या घरी ठेवणे. सिरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची आपली बीजपेढी हातची गेल्यावर इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने २०१५ साली स्वालबार्डमध्ये ठेवलेली स्वतःचीच बियाणी परत मागवली आणि ती पेरून पुन्हा वाढवली. माझ्या कांद्याची आणि घेवड्याची दुसरी बरणी सातारा रस्त्याला राहणाऱ्या बहिणीच्या फ्रिजमध्ये आहे, आणि तिच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे की बाहेर काढल्यावर सकाळपर्यंत उघडू नये.